चौदा नंबरच्या खोलीत कुणीच राहत नाही

तीर्थरूप वहिनींना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मी निघाले त्या दिवशी तुम्ही एकेका पायरीवर थांबत जिना उतरत होतात, आणि विचारलं तर पायऱ्या मोजतेय म्हणालात. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतायत ना? दादांना त्यांचा चष्मा आणि तुमच्या दिरांना त्यांचा पांढरा शर्ट सापडला असेल अशी आशा आहे. नसेल तर शर्ट कपाटात आहे, जिथे तो गेली एकोणीस वर्षं असतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपल्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवतात, आणि मग 'सगळं छान आहे' यापलीकडे मला काही सुचत नाही. म्हणून हे पत्र कुरिअरने, आणि फक्त तुमच्या नावावर. उद्या शुक्रवारी सकाळी पोचेल असं कुरिअरवाला छातीवर हात ठेवून म्हणालाय.

तर सगळं छान आहेच. वहिनी, मी इथे रविवारी संध्याकाळी आले आणि तेव्हापासून तोंड मिटायचं विसरले आहे. विद्यापीठ जुनं आहे हे माहितीपत्रकात वाचलं होतं, पण जुनं म्हणजे किती, ते पायांना कळलं. माझ्या खोलीकडे जाणारा दगडी जिना मधोमध इतका झिजलाय की पायऱ्यांच्या ओंजळी झाल्यात. चारशे वर्षं माणसं पुस्तकं घेऊन त्यावरून चढली, आणि त्याच खळग्यात मी आपली बाटाची चप्पल ठेवली. पहिल्या दिवशी तर मी कडेकडेनं चढले. आपल्या वजनानं आणखी झिजायला नको. खोली नंबर चौदा. एक खाट, एक टेबल, एक कपाट, हात धुवायला छोटं बेसिन आणि एक खिडकी. खिडकीच्या लाकडी चौकटीत कुणीतरी चाकूनं स्वतःचं नाव कोरलंय, खाली वर्ष, तेही तीनशे वर्षांपूर्वीचं. (आपल्याकडे पुतण्यानं भिंतीवर पेन्सिलनं एक मोटार काढली तर दादांनी रविवारी रंगारी बोलावला होता.) सकाळी अंगणात घंटा होते, आणि मोठ्या माणसांसाठीच्या या वर्गाला आलेले सत्तर वर्षांचे लोक वह्या छातीशी धरून पळतात. मीही पळते. उशीर झालेला नसला तरी पळते, कारण पळायला मिळतंय.

आणि ग्रंथालय! तिथे जिन्यावर जिने आहेत, पुस्तकांना शिड्या आहेत, आणि शांतता इतकी की माझ्या बांगड्या वाजल्या तेव्हा मीच मान वर करून बघितलं, कोण ते. मग बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. त्या अजून तिथेच आहेत, सासूबाईंना सांगू नका.

वर्गाचा विषय तुम्हाला निघताना सांगितला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, हे शिकायला आठ दिवस कशाला लागतात. 'साध्या माणसांची घरं आणि त्यांचा इतिहास.' आमच्या प्राध्यापक बाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्या आहेत, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत येतो. सोमवारी त्यांनी खापराचा एक तुकडा सगळ्यांच्या हातात फिरवला. त्याच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा होता, मडकं ओलं असताना उमटलेला. बाई म्हणाल्या, राजांबद्दल लिहिलेलं असतं, या बोटाबद्दल कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा ते तुम्ही लिहायचंय. मी माझा अंगठा त्या ठशावर ठेवून बघितला. बसला, वहिनी. पुढे काय शिकवलं ते मला पाच मिनिटं ऐकूच आलं नाही.

इथली एक पद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच आले आहे. प्रत्येकानं आपल्या घरातली एक वस्तू निवडून तिच्यावर निबंध लिहायचा, आणि शेवटी प्राध्यापक बाईंच्या खोलीत एकट्यानं बसून तो त्यांना वाचून दाखवायचा. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बाई दुसऱ्या कुणाशी बोलत नाहीत, फोन घेत नाहीत, दारावर पाटी लावतात. मी अर्ज भरला तो हे वाचून. माझं बोलणं सलग अर्धा तास कुणी ऐकलंय असं मला आठवत नाही. (तुम्ही ऐकता, पण तेव्हा तुमचे हात भांड्यांत असतात आणि नळ चालू असतो.)

आता फजिती.

तुम्हाला माहीत आहे, आपण बाई कामाला येण्याआधी घर आवरून ठेवतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शिकवलंत की केर काढणाऱ्या बाईला पसारा दिसला तर ती चार घरी सांगते, म्हणून ती यायच्या आत चादरी घडी, कप धुवून पालथे, मोरी कोरडी. इथे रोज दहा वाजता खोली आवरायला बाई येतात असं समजल्यावर मला रविवारीच घाम फुटला. सोमवारी सहाला उठले. अंथरूण ताणून घातलं, उशीवरची सुरकुती हातानं मोडली, बेसिन माझ्याच रुमालानं कोरडं केलं, केसांचा एक एक तंतू उचलला, साबण डबीत आणि डबी पिशवीत, पिशवी बॅगेत आणि बॅग कपाटात. दार लावण्याआधी मागे वळून बघितलं. खोली अशी दिसत होती की तिथे कधी कुणी राहिलंच नसावं. मला फार समाधान वाटलं. मंगळवारी आणि बुधवारी तेच.

त्यात आणखी एक केलं मी. रविवारी किल्ली फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नुसती हातात दिली होती, सोमवारी कार्यालयात जाऊन हजेरीच्या वहीत सही करायची होती. खिडकीपाशी मोठी रांग. मी मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं, त्यांच्या मागच्यांना घाई होती म्हणून त्यांनाही, आणि असं करत करत जेवणाची सुट्टी होऊन खिडकी बंद झाली. म्हटलं, अर्ज तर त्यांच्याकडे आहेच, कशाला पुन्हा त्रास द्या. हे मी म्हटलं, वहिनी! पेन्शनच्या खिडकीत एकवीस वर्षं बसणारी मी!

मग गोष्टी कमी व्हायला लागल्या. मंगळवारी सगळ्यांच्या खोलीत नवे टॉवेल आले, माझ्याकडे नाही. वाटलं, एवढी मोठी संस्था, साधी राहणी शिकवत असेल. संध्याकाळी जेवणाच्या दालनात (छत इतकं उंच की वर पाखरं उडत होती, आणि भिंतीवर जुन्या गुरुजनांची चित्रं, सगळे माझ्या ताटाकडे बघणारे) प्रत्येकाच्या जागेवर नावाची चिठ्ठी होती, माझी नव्हती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून जेवले आणि मनात म्हटलं, नवीन माणसाला कोपऱ्यात बसवायची यांची जुनी रीत असेल. मला तर त्या रितीचंही कौतुक वाटलं. वर्गात मी खांबामागे बसत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते, त्यामुळे तिथेही कुणाला काही फरक पडला नाही.

काल, बुधवारी संध्याकाळी, फळ्यावर यादी लागली. शुक्रवारी कुणाचा अर्धा तास किती वाजता. वरून खाली वाचली, मग खालून वर. माझं नाव नाही. माझ्या नावाच्या जागी जो वेळ असायला हवा होता तो दातांच्या डॉक्टरांना जोडून दिला होता. हे निवृत्त गृहस्थ आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात. त्यांचा निबंध चाळीस पानांचा झालाय, दवाखान्यातून घरी आणलेल्या जुन्या खुर्चीवर, म्हणून त्यांनी जास्त वेळ मागितला होता.

आज सकाळी खिडकी उघडायच्या आधी मी तिथे उभी होते. आत चष्म्याला साखळी लावलेल्या बाई. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं, आणि शांतपणे सांगितलं की चौदा नंबरच्या विद्यार्थिनी आल्याच नाहीत. सफाईच्या बाईंचा तीन दिवसांचा अहवाल आहे, खोली न वापरलेली. मी किल्ली दाखवली. किल्ली कुणाच्याही हातात असू शकते, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे.

"ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण नोंद नाही."

वहिनी, हे माझं वाक्य आहे. शब्दाला शब्द माझं. मी ते किती म्हाताऱ्यांना ऐकवलं असेल! गेल्या वर्षी एक निवृत्त पोस्टमास्तर हयातीच्या दाखल्याशिवाय आले होते, काठी टेकत, तीन मजले चढून. मी त्यांना हेच सांगून परत पाठवलं आणि डबा उघडला. आज खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर कळलं की त्या वाक्याला उत्तरच नाही. माणूस नुसता उभा राहतो आणि आपले हात बघतो.

शेवटी त्यांनी सफाईच्या बाईंना बोलावलं. कमरेला किल्ल्यांचा घोस, वय माझ्याएवढंच. आम्ही तिघी त्या ओंजळीच्या जिन्यावरून वर गेलो. त्यांनी कपाट उघडलं. बॅग, तिच्यात पिशवी, पिशवीत डबी, डबीत साबण. त्यांनी साबण बोटानं दाबून बघितला, ओला होता. मग त्या माझ्या ताणलेल्या अंथरुणावर धप्पकन बसल्या.

"बाई, तीन दिवस मी या दारात उभी राहून हळहळले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कुणाला तरी यायला मिळालं नाही. घरच्यांनी सोडलं नसेल."

मला रडू आलं, आणि का आलं ते तुम्हाला सांगायला नको. त्यांनी मग मला चांगलंच झापलं. काम वाचवलंत ते वाचवलंत, पण मला वहीत खोटं पाडलंत, म्हणाल्या. आणि उठताना त्यांनी एका हातानं माझी चादर ओढून अर्धी जमिनीवर टाकली. "आता लिहा," त्या साखळीवाल्या बाईंना म्हणाल्या, "राहतात म्हणून." त्यांनी लिहिलं. मी सही केली. मी जिवंत झाले.

पण शुक्रवारची यादी भरलेली ती भरलेलीच. डॉक्टरांशी तुम्हीच बोला, असं मला सांगण्यात आलं. ते अंगणात बाकावर बसून एकेचाळिसावं पान लिहीत होते. माणूस भला आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्यातली दहा मिनिटं घ्या. आणि वहिनी, मी नेहमीसारखं 'चालेल' म्हणायला गेले, शब्द अगदी ओठांवर होता.

"नको," मी म्हटलं. "मला माझा पूर्ण अर्धा तास हवा आहे."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, चार दिवसांत तुम्ही पहिल्यांदाच तोंड उघडलंत, आणि माझ्या अनुभवात असं तोंड उघडतं तेव्हा दुखणं खोल असतं. त्यांनी स्वतःच मला प्राध्यापक बाईंकडे नेलं. बाईंनी डायरी चाळली. शुक्रवारी जागा नाही, शनिवारी विद्यापीठाला सुट्टी. म्हणाल्या, शनिवारी सकाळी दहा वाजता मी फक्त तुमच्यासाठी येईन, तुम्ही असाल का? शनिवारी सकाळी साडेआठला माझी परतीची गाडी आहे.

मी म्हटलं, असेन.

कुणालाही न विचारता म्हटलं. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. भिंत गार होती, आणि इतकी जुनी की तिला माझ्या धडधडीचं काही वाटलं नसणार. आता ग्रंथालयाच्या पायरीवर बसून हे लिहितेय. समोर ते अंगण, त्यावर दुपारचं ऊन, आणि कुणीतरी सत्तरीतली बाई वही छातीशी धरून पळतेय. सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापा, आणि बाकीच्यांना माझ्याकडून जे योग्य वाटेल ते.

तुमची,
चौदा नंबर

ता. क. – तेव्हा मी शनिवारऐवजी रविवारी रात्रीपर्यंत येईन. शनिवारी सकाळी तुम्ही तुमच्या बहिणीकडे निघायचं ठरलंय, आणि मी घरात असेन या बोलीवर ठरलंय, हे मला पूर्ण आठवतंय. असेन म्हणताना आठवत होतं. तुम्ही जाणं रद्द कराल, हेही मला माहीत आहे. कृपा करून करू नका. शनिवारी आपल्या घरात आपण दोघीही नसू. सासूबाईंचे थेंब दादा घालतील. त्यांना हात आहेत, मी बघितलेत. काय शिजवायचं, कुठे काय आहे, याची चिठ्ठी लिहून ठेवू नका. आणि निघताना ओटा पुसू नका.

ता. क. २ – या पत्राचं खरं कारण आता सांगते. निबंधाचा अजून एक शब्द लिहिलेला नाही. चार दिवसांत लिहिलं ते हे पत्र. वस्तू मात्र पहिल्याच दिवशी ठरली. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा मधला गज. सगळ्या गजांना हिरवा रंग आहे, त्या एकाचा रंग हाताच्या उंचीवर उडालाय आणि आतलं लोखंड चकचकीत झालंय. दुपारी चार वाजता चहाचं पाणी ठेवून तुम्ही तो गज धरून उभ्या राहता, पाणी उकळेपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षं तशाच उभ्या राहत असाल. त्यातली एकोणीस वर्षं मी तुमच्या मागे कप पुसत उभी आहे, आणि मी कधी विचारलं नाही. वहिनी, तिथून तुम्ही काय बघता? शुक्रवारी, पत्र मिळेल त्याच दिवशी, चार वाजता स्पीकर बंद करून मला फोन करा. आणि काही बघत नसाल, नुसत्याच उभ्या राहत असाल, तर तसं सांगा. अर्धा तास मी त्यावरही बोलेन.