पाट मांडून केलेली बाग

प्रिय इंदूवहिनी,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि तक्रार करायला मला आज सवड मिळाली. तक्रार गंभीर आहे. आपल्या कॉलनीच्या बागेत सलग तीन संध्याकाळी मला बसायला जागा मिळालेली नाही! काल तर एका आजीबाईंनी "सरका, सरका" म्हणत मला बाकाच्या टोकाला नेलं आणि टोकावरून खाली पाठवलं. याला जबाबदार तुम्ही. दुसऱ्या कुणाकडे दाद मागू?

पूर्वी कशी शांतता होती! 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी, आणि पाटीखाली मुरूम. मधे एक कारंजं. आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला तरी त्यात थेंब दिसला नाही. सगळे बाक एका रांगेत, त्या कारंज्याकडे तोंड करून. येणारे आम्ही दोघंच, मी आणि एक बकरी.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाग नव्याने करायचं ठरलं. इंजिनिअरसाहेब नकाशा घेऊन आले. नकाशात काय? आणखी एक कारंजं!

तुम्ही विचारलंत, "साहेब, बाक रांगेत कशाला? आम्ही काय एसटीची वाट बघतोय?"

"मग कसे हवेत ते दाखवा," साहेब वैतागले.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या बायका घरातले जेवायचे पाट घेऊन हजर! जिला जिथे बसावंसं वाटेल, तिथे तिने आपला पाट मांडायचा, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. कडुलिंबाखाली समोरासमोर नऊ पाट. नळाजवळ चार. एका म्हातारीचा एकटाच फाटकापाशी, "येणारं-जाणारं दिसलं पाहिजे" म्हणून. कारंज्यापाशी एकही नाही. साहेब वाकून वाकून मापं घेऊ लागले.

आणि मी काय केलं? साप्ताहिकात लिहिलं, 'पाटांची पंगत, इंजिनिअर वाढपी'. गाव हसलं, साहेबांचे वरिष्ठही हसले. साहेबांनी घाबरून नकाशा गुंडाळला. दोन पावसाळे बाग तशीच पडून राहिली.

तुम्ही भांडला का नाहीत हो? दारात येऊन म्हणालात, "भाऊजी, हसून झालं असेल तर आता अर्ज लिहा." चार वेळा परत केलात. "यात विनोद आहे, काढा." पाचवा अर्ज मलाच कंटाळवाणा वाटला, तेव्हा म्हणालात, "हा पास होईल."

झाला! पाटांच्या जागी बाक आले. कडुलिंबाखालच्या बाकावर तुम्ही पुढे रोज बसलात, हे फार बरं झालं.

उद्घाटनाची शाल मात्र मला मिळाली. अर्जावर सही माझी होती ना! नको म्हणायला हवं होतं. मी मान पुढे केली. मागे उभ्या राहून सगळ्यांत जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्यात. नंतर नारळाची बर्फी तुमच्याकडे पाठवली आणि तेवढ्यावर गप्प बसलो. एखादा टोमणा तरी मारायचात!

यापुढे कुणी मला 'तुमची बाग' म्हणालं, की तिथल्या तिथे तुमचं नाव सांगेन. चारचौघांत, विनोद न करता. शब्द देतो.

आज सकाळी तुमचे यजमान, आपले अण्णा, बागेत भेटले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी संपल्यापासून रोज येतात. मी शाल त्यांच्या हातात दिली.

"अरे, थंडी कुठेय?"

"वहिनींची आहे. माझ्याकडे राहिली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शाल उलगडली, पुन्हा नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"उशीर केलास," म्हणाले. "पण रंग तिच्या आवडीचा आहे."

तुमचा,
समोरच्या घरातला भाऊजी