मढहून आलेले पत्रे

शेवंती,

तुझ्या लवूने मढच्या सिनेमाच्या शूटिंगमधून निम्म्या किमतीत आणलेले छपराचे पत्रे आज सोडून पाहिले. पुठ्ठ्याचे आहेत. वर चंदेरी रंग मात्र झकास दिलाय. "भावोजी, दुकानात एकेकाचे सव्वाशे घेतात," असं तो म्हणाला, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी पैसे मोजून दिले.

आपले जुने पत्रे मी सकाळीच उतरवून भंगारवाल्याला विकले. तेव्हा तो म्हणाला, "काका, नुसता गंज आहे." आता परत मागायला गेलो, तर म्हणतो, असा मजबूत माल हल्ली मिळत नाही. त्याच्याशी घासाघीस करायला पुन्हा निघालोय.

घरावर छप्पर नाही, तरी सवयीने दाराला कुलूप लावलंय. किल्ली शेजारच्या शकूकडे आहे.