तापातली अकरा पत्रं

लोणावळे, ता. ७ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप दाजींस दत्तोबाचा शि. सा. न. वि. वि.

मानमोडीच्या तापानं मला गाठलं. आज चौथा दिवस. कुणी धोपाटण्यानं धुऊन काढल्यासारखं अंग झालं आहे. कापडाचं दुकान उघडं आहे ते मांजरपाटापुरतं. लुगडी-खण कुणी विचारत नाही. पांढरं कापड मात्र रोखीनं, भाव न करता जातं. असली विक्री नको वाटते.

पडल्यापडल्या एकच घोर लागला. येणं ठेवून माणूस मेला तर वसुलीला पुन्हा जन्म घ्यावा लागतो, असं आई सांगायची. तुमच्या बाजूच्या अकरा घरांत लग्नाच्या बस्त्याची उधारी आहे. पुढल्या जन्मी पुन्हा परंदवडीची वाट तुडवायची, पुन्हा सुगीचे वायदे ऐकायचे, हे मला झेपणार नाही. म्हणून उधारी फिटली, काही येणं उरलं नाही, अशी अकरा पत्रं सही-तिकिटानिशी लिहिली. टपालवालेच आजारी, तेव्हा गेणू हमालाबरोबर पुडकं पाठवतो. घरोघर पोचवावीत. एक तुमच्या नावाचंही आहे. आपल्या बयाच्या लग्नाचे एक्केचाळीस रुपये. घरात कस्तुराला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या रागापेक्षा ताप परवडला.

अक्काला नमस्कार. माझं चुकलंमाकलं दोघांनी पोटात घालावं.

आपला,
दत्तोबा

सोमाटणे, ता. ९ ऑक्टोबर १९१८

चि. दत्तोबास भिमाजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पुडकं पोचलं. गेणूनं ते अंगणाबाहेरूनच फेकलं. त्याला आमच्या तापाची भीती, आम्हाला त्याच्या. तुझी अक्का पत्र ऐकून रडली, मग डोळे पुसून सुंठ-गुळवेलीचा काढा उकळायला बसली. बाटली सोबत आहे. हा पिण्यापेक्षा मरण बरं असं वाटेल, तरी प्यावा.

शाळा बंद आहे. आम्हा मास्तरांना औषधाच्या पुड्या वाटायला लावलं आहे. पुडी गुलाबी असते, एवढी माहिती सरकारनं दिली; आत काय आहे ते विचारण्याइतका माझा पगार नाही. परंदवडीकरांनी वेशीवर बाभळीच्या काट्या लावून परक्याला बंदी केली आहे, पण पुडीवाल्या मास्तराला सोडतात. तुझी पत्रंही झोळीत टाकली आहेत.

तू स्वस्थ पडून राहा. एवढं दान केलंस, तर लोक काय म्हणतात ते ऐकायला तरी थांबावं.

लोभ आहेच, ताप तेवढा नसावा.

भिमाजी

लोणावळे, ता. १५ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप दाजींस शि. सा. न. वि. वि.

ताप उतरला. काल मेतकूट-भात जेवलो. काढा संपला, अर्धा मी प्यालो, अर्धा परसातल्या केळीनं.

आता मुद्द्याचं. ती पत्रं दिली नसतील तर देऊ नयेत. दिली असतील तर गोड बोलून परत घ्यावीत. दिवाळीपर्यंत पैसे न आल्यास माल बंद, असं मुंबईच्या व्यापाऱ्यानं कळवलं आहे. अकरा घरांची उधारी बुडाली तर दुकानाला कुलूप लागेल. कस्तुराला गेणूकडून सगळं कळलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलत नाही, नुसती रिकाम्या फडताळाकडे बघते. मरणाऱ्यानं लिहिलेलं जगलेल्यावर बंधनकारक असतं का, हे तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. मला लाज वाटते, पण ती मुंबईला हप्ता म्हणून पाठवता येत नाही.

रागावलात तरी पत्र लिहावं.

आपला,
दत्तोबा

सोमाटणे, ता. १८ ऑक्टोबर १९१८

चि. दत्तोबास अनेक आशीर्वाद वि. वि.

तू जगलास हे वाचून अक्कानं मारुतीला नारळ फोडला. तो ती परत मागणार नाही, असं तुला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे.

पत्रं वाटलेली नाहीत. माझ्या लग्नात तू सहा वर्षांचा होतास. आपण होऊन मला भोवरा दिलास आणि दिवेलागणीला तो परत मिळेपर्यंत मांडवात लोळलास. तेव्हापासून तुझं दान मी आठ दिवस मुरू देतो. दहा पत्रं सोबत परत. माझंही त्यात आहे, फोडलेलं नाही.

अकरावं मात्र दिलं. परंदवडीच्या नंदाबाईचा नवरा या तापात गेला. तीही पडली होती, उशाशी दोन लहानगी. मी पुडी दिली, तर ती बाजूला ठेवून तिनं पेटीतलं लग्नाचं लुगडं काढायला लावलं. म्हणाली, दत्तोबाशेट बी पडल्यात म्हनं. ह्ये त्यास्नी परत द्या मास्तर, आटरा रुपयं माज्याच्यानं व्हत न्हाईत. पन देणं ठिवून मेले तर त्यांच्या दारी बैल व्हावं लागंल, आन पोरास्नी आईची वळख बी पटायची न्हाई.

तू वसुलीला जन्म घ्यायला भितोस, ती फेडायला. मध्ये मी झोळी घेऊन उभा. पत्र काढून वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं, मग कागद उशाखाली ठेवून झोपली. काल चुलीशी बसलेली दिसली. गुण कागदाचा की गुलाबी पुडीचा, ते सरकारला विचारू नये.

लुगडं काही तिनं ठेवून घेतलं नाही. तेही सोबत आहे. तिचे अठरा माझ्या खाती मांड. एकूण एकोणसाठ. महिन्याचा पगार पंधरा आहे, तेव्हा दिवाळी कुठली हे तू विचारू नकोस.

कस्तुराचा राग उतरेपर्यंत माझ्या वाट्याचाही लोभ तिलाच द्यावा.

भिमाजी

लोणावळे, ता. २३ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप दाजींस शि. सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. दहाही पत्रं कस्तुरानं चुलीत घातली आणि त्यावर चहा केला. मला अर्धा कप मिळाला. बोलणं सुरू झालं आहे.

मुंबईच्या व्यापाऱ्याला मी विनवणीचं पत्र टाकलं होतं: निम्मे दिवाळीला, निम्मे संक्रांतीला घ्यावेत. काल त्याचा होकार आला. त्याच्याही घरात दोघं पडली आहेत.

लुगडं आम्ही दोघांनी उलगडून पाहिलं. एकदाच नेसलेलं, काठाला हळद. कस्तुरानंच त्याची पुन्हा घडी घातली आणि आत तिच्या पोरांच्या अंगड्यांचं कापड ठेवलं. गेणू आणून देईल, नंदाबाईला पोचवावं. तिचे अठरा तुमच्या खाती मांडलेले नाहीत. ते मी सोडले, शुद्धीवर असताना, कस्तुरासमोर. या वेळी दिवेलागण होऊन गेली तरी मांडवात लोळलो नाही.

तुमचे एक्केचाळीस मात्र सोडत नाही. सवडीनं द्या; नाही जमले तर राहू द्या. पुढल्या जन्मी वसुलीला यावं लागलं तर येईन. तेवढ्या निमित्तानं तुमची आणि अक्काची गाठ पडेल.

आपला घेणेकरी,
दत्तोबा