माईनं रबराला लावलेलं खोबरेल

ती. स्व. भाईस विनीताचा नमस्कार. तुझी शुगर, वहिनीचा गुडघा आणि तुमच्या पुण्यातल्या बिल्डिंगची लिफ्ट, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पोस्टाला कामाला लावलं. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत (असं लिहायची पद्धत आहे).

पत्रास कारण, मी कुडाळला हरले. जिल्ह्याच्या प्रौढ महिलांच्या टेबल टेनिसमधून राज्य स्पर्धेला एकच बाई जाणार होती, आणि ती मीच हे मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या सावित्रीलासुद्धा ठाऊक होतं. पदक गेलं खड्ड्यात रे, पण स्पर्धा म्हणजे चार दिवस घराबाहेर! माईला स्मृतिभ्रंश झाल्यापासून मी सलग झोपलेली नाही. शेजारची नर्मदाकाकू तिच्यापाशी राहायला तयार झाली होती, मी बॅगही भरली होती.

माझी बॅट तुला माहीत आहे. एका बाजूला गुळगुळीत लाल रबर, दुसरीकडे उभ्या दाण्यांचं काळं. त्या दाण्यांवरून चेंडू असा काही उलटा फिरतो की चांगल्या चांगल्या बायका हवेत बॅट फिरवतात. पण या दाण्यांना जेवढे कायदे आहेत तेवढे माणसांना नाहीत. दाण्याची उंची जाडीच्या एक पूर्णांक एक दशांश पटीवर जाता कामा नये, चौरस सेंटीमीटरमध्ये दहा ते तीसच दाणे हवेत (मोजणाऱ्याचं कल्याण असो), स्पंज आणि गोंद धरून जाडी चार मिलिमीटरच्या आत हवी. शिवाय कारखान्यातून आलेल्या रबराला वरून काहीही लावायचं नाही.

पंचांनी बॅट हातात घेतली, आधी वास घेतला आणि मग मापक लावलं. रबर टम्म फुगलेलं, कडेचा गोंद सुटलेला. “मॅडम, हे खोबरेल आहे का?” मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी बॅट घ्या म्हणाले. उसनी मिळाली तिच्यावरून चेंडू सरळ जायचा, आणि सरळ चेंडूची मला सवयच नाही. समीक्षा नावाच्या बाईनं सरळ तीन गेममध्ये माझा निकाल लावला.

घरी आले तर माई ओटीवर तेलाची बाटली घेऊन बसलेली. खाऱ्या वाऱ्यानं गंजू नये म्हणून ती पहिल्यापासून कडी-कोयंडे, विळी, शिलाई मशीन सगळ्याला खोबरेल लावते, तुला ठाऊकच आहे. आता लावलेलं आठवत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लावते. मी चिडून बॅगेतून बॅट काढली, तर तिनं हात धरला. मला न ओळखता म्हणाली, “गो बाय, तू खंयची? ठेव ती. ही माझ्या भाईची बॅट आसा. तो येतलो मा खेळाक!”

भाई, मी तिथंच बसून रडले. भरवते मी, न्हाऊ घालते मी, आणि बॅट तुझी.

तुझी,
विनीता

ता. क. नवं रबर पाठवू नकोस. त्यालाही ती तेल लावील.

ता. क. दुसरा. रोज संध्याकाळी ती विचारते, “भाई इलो?” मी सांगते, वाटेत आसा. चार दिवस काढून ये. मला झोपायचं आहे, आणि तिला अजून तुझं नाव आठवतंय तोवर एकदा तरी मला खरं बोलू दे.