तुझ्या नावाचं गाऱ्हाणं

वेळणेश्वर,
१२ सप्टेंबर १९८४

ती. महिपतदादास तुळसाचा शि. सा. न. वि. वि.

आई आणि मी खुशाल. तुझ्या सिमल्याच्या बागेत सफरचंदाची डागाळलेली पानं जाळतात, तसंच इथे करायला तू लिहिलंस. आपल्या कलमांवर करप्याचे काळे डाग आहेत, पण सर्वांत जास्त वाडीच्या राखणदार देवाच्या आंब्यावर. त्या झाडाला कोयता लावायचा तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं, असं धाकूकाका म्हणाले. चूक झाली तर कोणाच्या अंगावर, असंही विचारलं. आबा गेल्यापासून घरचा पुरुष तूच, म्हणून मी तुझं नाव सांगितलं. त्या नावाने काकांनी गाऱ्हाणं घातलं आणि होकाराचं व्हय म्हाराजाही तेच म्हणाले.

सोमवारी दुपारी फांद्या तोडून जाळल्या. वारा नव्हता. तरी धूर वर न जाता अंगणातून सरकत आला आणि तुझ्या खोलीच्या दाराशी थांबला.

तुला न विचारता नाव दिलं, हे मनाला लागून राहिलंय. रागावू नकोस. आहे तो लोभ राहू दे.

तुझी,
तुळसा

सिमला,
१ ऑक्टोबर १९८४

चि. तुळसास अनेक आशीर्वाद.

तुळशे, पाकिटाला तिकीट कमी लागलं तरी तू उपास धरशील! विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजव्या मनगटावर काळसर गोल डाग उठलेत. डॉक्टरांनी गजकर्ण सांगून मलम दिलं. सफरचंदाचा रोग मला लागला म्हणून सोबती चिडवतात. पहिला डाग तुझं पत्र यायच्या आधी, त्याच सोमवारी दुपारी दिसला. योगायोगच. आता बोटं मिटत नाहीत, एवढंच. आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझा,
दादा

वेळणेश्वर,
२० ऑक्टोबर १९८४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हाताचं तेवढं गाळून पत्र आईला वाचून दाखवलं. आबांनी मला अक्षरं शिकवली ती यासाठी नव्हेत.

तुझं नाव परत घ्यायचं म्हणून धाकूकाकांकडे गेले. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, म्हणाले, आणि गुरं बांधायला उठले. मग मीच नारळ घेऊन आंब्याखाली उभी राहिले. चूक माझी, दादाची नव्हे, काय घ्यायचं ते माझ्याकडून घे, असं म्हटलं. होकार द्यायला कोणी नव्हतं. तरी व्हय म्हाराजा ऐकू आलं. आवाज आबांसारखा होता, पण आबांचा नव्हता.

आता आंब्याला तांबूस पालवी फुटली आहे. एकाही पानावर डाग नाही.

तुझी बोटं मिटतात का, ते उलट टपाली कळव, आणि उजव्या हाताने लिही. माझ्या मनगटावर सकाळपासून एक काळा ठिपका आहे. शाईचा असेल. अजून धुऊन पाहिलेला नाही.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,
तुळसा