शिडी की जिना

४ फेब्रुवारी, मंगळवार

गोल जिना बाद. सुतार आज येऊन माप घेऊन गेला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात गोल जिना बसवला तर न्हाणीघराचं दार निम्मंच उघडेल — म्हणजे रोज अंग चोरून आत शिरायचं. सुतार म्हणतो, "होईल." त्याला काहीही विचारा, "होईल." मी मनातल्या मनात त्याचं नाव होईलराव ठेवलंय. शेवटी ह्यांनीच नको म्हटलं. "दिवसभर बस वळवतो मी. घरात तरी सरळ चढू दे."

माळ्याची खोली झाली. खिडकी बसली, रंग झाला, जमीन गुळगुळीत झाली. वर जायचं कसं, एवढंच ठरत नाही. तोवर ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतेय.

ती म्हणजे ह्यांची लेक, पहिल्या लग्नाची. तिच्या आईला दूरदेशी दोन वर्षांचं काम मिळालं. शाळा मध्येच तुटायला नको म्हणून पोर आमच्याकडे आली. पंधरा वर्षांची. मला अजून काहीच म्हणत नाही. काकू नाही, मावशी नाही. "ऐका ना," म्हणते. दुकानदाराला म्हणावं तसं. पण म्हणते गोड.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तिला उठवायला गेले तर बाहेरच्या खोलीचं दार ढकलेना. आतून खुर्ची टेकवलेली. कालही होती. ह्यांना बोलले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

तिघं जिने बघायला गेलो. एवढ्या तऱ्हेचे जिने असतात हे मला माहीतच नव्हतं!

ह्यांचा जीव एकाच जिन्यावर जडला. त्याच्या पायऱ्या अर्ध्याच असतात — एक डाव्या पायाची, वरची उजव्या पायाची, मग पुन्हा डावी. निम्म्या जागेत मावतो. दुकानातल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, "पहिलं पाऊल कोणतं ते बघून टाका." हे ऐकतात कसले! चुकीचा पाय टाकला, चार पायऱ्या चढले, आणि पाय एकमेकांत अडकून तिथेच उभे. ना वर, ना खाली. पोर हसली. आल्यापासून पहिल्यांदाच अशी खळखळून हसली. मीही हसले. मग तिने बापाचा घोटा धरून एकेक पाय जागेवर ठेवून त्यांना उतरवलं. "बाबा, डावा. डावा, बाबा. तो उजवा."

मग ती घडीच्या शिडीपाशी जाऊन उभी राहिली. छताला झडप असते, दांड्याने ओढली की शिडी खाली येते. वर गेल्यावर शिडी ओढून घ्यायची आणि झडप लावून टाकायची. ती विचारत होती, "आतून कडी लागते का हिला?"

दुकानातल्या बाई म्हणाल्या, लावून देता येईल.

"मला हीच हवी," ती म्हणाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

हे चिडले. तिच्यासमोर नाही, माझ्याजवळ. "वर जाऊन शिडी ओढून बसणार, म्हणजे आपण खालून माना वर करून हाका मारायच्या? घर आहे की किल्ला?"

मी म्हटलं, ह्या वयात दार लागतंच. मीही लावायचे.

तोंडाने म्हटलं खरं. आत कुठेतरी टोचलं. खुर्ची, आता कडी. मी तिला एवढी नकोशी आहे का? दुपारी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली. उसवून पुन्हा शिवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. घडीची शिडी. ह्यांना मीच राजी केलं. तिला तीच हवी तर तीच. हट्ट करायला माणूस लागतं, आणि हट्ट पुरवायलाही. होईलरावांना निरोप दिला. शनिवारी येऊन झडपेची चौकट करणार.

तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "थँक्यू." आणि मग उगाचच माझ्या मशीनवरचे धाग्याचे तुकडे वेचत बसली. डोळ्यांखाली काळं आलंय पोरीच्या. झोपते तरी का नीट?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी घडलं ते लिहून काढते.

तिला ताप आला म्हणून शाळेत गेली नाही. हे कामावर. जेवून गोळी घेऊन ती दिवाणावर आडवी झाली. दार उघडंच होतं — मीच सांगितलं होतं, ताप बघायला येईन म्हणून. मी मशीनवर बसले होते. पावलं वाजली. मान वळवली तर ती माझ्यामागून चालत स्वयंपाकघराकडे निघालेली. डोळे उघडे. म्हटलं, "पाणी हवंय का?" ती तशीच पुढे गेली. ओट्यापाशी थांबली, गॅसवरच्या कढत पातेल्याकडे हात गेला. मी धावत जाऊन मनगट धरलं. माझ्याकडे बघितलं, पण मी दिसत नव्हते तिला.

"आई, दार लावलंस ना?" म्हणाली.

मला कळलं. झोपेत होती. हलवलं नाही, ओरडले नाही. "लावलं गं बाळा," म्हटलं. खांद्याला धरून हळूहळू दिवाणापर्यंत नेलं. निजली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

ती हाक माझी नव्हती, माहीत आहे मला. तरी ओ दिली. कुणीतरी द्यायलाच हवी होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

होईलरावांना सकाळीच फोन करून थांबवलं. झडपेतून झोपेत पाय टाकला असता तर?

ताप उतरल्यावर तिच्याजवळ बसले. म्हटलं, काल तू झोपेत स्वयंपाकघरात आली होतीस. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मग गुडघ्यांत डोकं घालून रडली. म्हणाली, "आईला मीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणून."

"का गं?"

"तुम्ही ठेवून घेतलं नसतं."

दोन वर्षांपूर्वी सुरू झालं म्हणे. एकदा बाहेरचं दार उघडून रस्त्यावर गेली होती. इथे आल्यावर भीती बसली — आपण झोपेत उठून आमच्या खोलीत शिरलो तर? मी किंचाळले तर? म्हणून दाराला खुर्ची. म्हणून कडीची झडप. रात्र रात्र डोळे ताणून जागी राहायची वेडी.

आणि मी समजत होते, ती आम्हाला बाहेर ठेवतेय. ती स्वतःला कोंडून घेत होती.

तिला म्हटलं, "ठेवून घ्यायला तू काय सामान आहेस? तुझ्या बापाचं घर आहे हे. आणि मी इथेच आहे. आलीस खोलीत तर येशील. सरकून झोपू."

१६ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून तिच्या केसांवरून हात फिरवला. "मला का नाही सांगितलंस पिल्लू?" एवढंच म्हणाले. तिच्या आईशीही फोनवर सविस्तर बोललो, तिघंही. डॉक्टरांची वेळ घेतली.

अर्ध्या पायऱ्यांचा जिना ह्यांनी स्वतःच बाद केला. "जाग्या माणसाचा पाय अडकला तिथे. झोपलेल्याचं काय होणार?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं वयाबरोबर जातं. झोप नीट हवी, काळजी कमी हवी. जागरणाने उलट वाढतं. हे ऐकून तिने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जिना ठरला, आता खरा. खिडकीकडच्या भिंतीला लागून सरळ चढायचा, मध्ये एक वळण. पायऱ्या पूर्ण, दोन्ही बाजूंना कठडा, वर कमरेएवढं फाटक, त्याला कडी. पायऱ्यांखाली कपड्यांचे खण. जागा जरा जास्त खातो. माझं मशीन झोपायच्या खोलीत हलवावं लागेल.

तिने विचारलं, "ऐका ना, तिथे उजेड नाही. तुम्ही शिवणार कसं?"

"दिवा लावून."

होईलरावांना विचारलं, होईल का? पहिल्यांदाच डोकं खाजवत म्हणाले, "बघावं लागेल."

७ मार्च, शुक्रवार

झाला! हे चार वेळा वरखाली करून आले, बसची चाचणी घ्यावी तसे. ती आज वर झोपणार. वळणावर मी एक मंद दिवा लावलाय. फाटकाची कडी तिने स्वतः लावून दाखवली. झोपेत निघणार नाही अशी घट्ट आहे, दोन्ही हात लागतात.

९ मार्च, रविवार

सकाळी जाग आली तर ती माझ्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून. माझं पांघरूण निम्मं तिच्या अंगावर. झोपेत जिना उतरली की काय! हळूच विचारलं, "कशी आलीस गं?"

डोळे न उघडता म्हणाली, "चालत. जागी होते मी."