प्रतिमाची अलाबला

मिरज, ता. २ सप्टेंबर १९६३

चि. सौ. सुमन हिस आईचे अनेक आशीर्वाद.

प्रतिमा आता एका जागी बसते हे वाचून देवीपुढं साखर ठेवली. जयपूरच्या स्टेशनावर मी तिची अलाबला घेतली, कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, तेव्हा तू हसलीस. मी मनात म्हटलं होतं, पोरीचं हे भिरभिरं मला दे. दिलं बघ देवीनं! हात ठरत नाहीत. भात चुलीवर ठेवून परसात जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. तुझा दादा दिलीप ओरडतो. ओरडू दे मेल्याला! सात वर्षांच्या नातीला शाळेतून काढण्यापेक्षा म्हातारीनं भात करपवलेला बरा.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, ती दुणावो.

आई

जयपूर, ता. ९ सप्टेंबर

ती. दादास सुमनचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. प्रतिमा बसते ती देवीमुळं नाही, गोळ्यांमुळं. शाळेतल्या बाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली, म्हणून इथल्या सी-स्कीम वस्तीतल्या, विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांकडं तिला नेलं. त्यांनी मणी ओवायला लावले, चित्रं जुळवायला लावली, बाईंनाही विचारलं. म्हणाले, हा खोडसाळपणा नाही, आईचा दोष तर नाहीच. काही मुलांचं लक्षच ठरत नाही. मी तिथंच रडले रे!

पण गोळीनं पोर ठेवावी तिथं बसून राहते. ताटातला घास ताटातच. ती माझ्यासमोर असते आणि मला जिन्यावर तिची पावलं ऐकू येतात. उद्या डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. आईचे हात मात्र कुणाला तरी दाखव.

लोभ असू द्यावा, वाढला तर हवाच आहे.

सुमन

मिरज, ता. १८ सप्टेंबर

चि. सौ. सुमन हिस दादाचे आशीर्वाद.

आईला डॉक्टरांकडं नेलं. कंपवाताची सुरुवात आहे, औषधानं हात ठरतील म्हणतात. पण बाईसाहेब बाटलीला हात लावत नाहीत! शेवटी प्रतिमाच्या गोळ्यांचंही सांगून टाकलं, रागावू नकोस. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी औषध घेतलं की हे जाईल कुठं? पोरीकडंच परत जाईल.

काल परसातल्या पायरीवरून पडली. गुडघा फुटला तरी हसत होती. त्या हसण्याची मला भीती वाटते, सुमे. आता तूच लिही, तुझं ऐकेल.

दादा

जयपूर, ता. २५ सप्टेंबर

ती. आईस सुमनचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचून जीव थाऱ्यावर नाही. डॉक्टरांनी प्रतिमाच्या त्या गोळ्या बंद केल्या. थोडा अभ्यास, मग मोकळं सोडायचं, असं करून बघू म्हणाले. शाळा ठेवो न ठेवो, मी घरी शिकवीन. यांचंही तेच म्हणणं आहे.

माझं तू ऐकणार नाहीस, म्हणून नातीचं ऐक. काल ती गच्चीवर धावायला गेली, चार पावलांत दमून खाली बसली. मग आपल्या अर्ध्या हिंदीत मला विचारू लागली, की स्टेशनावर आजीनं तिचं धावणं नेलं, मतलब आजी ते वापस कधी देणार.

मी काय सांगू तिला? आई, औषध घे गं. लोभ कमी करू नकोस, एवढं मात्र परत कर.

तुझी
सुमन